लोखंडी आकडी

आमच्या घराला लागून पत्र्याचं एक शेड आहे. पूर्वी तिथं म्हैस बांधलेली असायची. पुण्याकडच्या कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून मी गावी परत आलो तेव्हा म्हैस नव्हती, नुसती गव्हाण उरली होती. मी तिथं वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल आणि लोखंडी टेबलाला बसवलेला, वस्तू आवळून धरायचा एक जुना वाइस मांडला आणि त्या जागेला वर्कशॉप म्हणायला लागलो. बायको अजून गोठाच म्हणते. कुणी मला विचारत आलं की ती आतूनच ओरडते, "गोठ्यात हायेत!" आणि येणारा हसत हसत आत येतो. मला पूर्वी त्याचा राग यायचा. आता येत नाही. वर्कशॉप म्हणून मिरवण्यासारखं तिथं फार काही होतं असं आता मला वाटत नाही.

माझा हात चांगला आहे, हे मीच सांगतो. वालूरपासून देवगाव फाट्यापर्यंत कितीतरी घरांची गेटं माझ्या हातची आहेत आणि त्यातल्या एकाही गेटाला कडी लावताना लाथ मारावी लागत नाही. पण या हाताला एक खोड होती. सांगितलेलं काम सांगितल्याएवढंच करायला त्याला कमीपणा वाटायचा. कुणी मोडक्या पायाची खुर्ची जोडायला आणली, की मी चारही पाय बदलायचो आणि पाठीला नक्षी काढायचो. लोक कौतुक करायचे आणि मला कौतुकाची चटक लागली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझ्या बाबतीत बैल दुसऱ्याचा गेला.

दोन वर्षांपूर्वी, पोळा आठ-दहा दिवसांवर आलेला असताना, मावशी शेडमध्ये आल्या. मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या नव्हेत. गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची दहा-बारा घरं आहेत, त्यातलं एक त्यांचं. साठ-सत्तर मेंढ्या, थोड्या शेळ्या, एक लेक आणि सून. त्यांचं वय तेव्हाच सत्तरीच्या पुढं होतं. मेंढरांमागं चालून चालून अंग वाळून गेलं होतं, पण नजर अशी, की लांबच्या बांधावर चरणाऱ्या कळपातली कोणती मेंढी कोणत्या पायानं लंगडतेय हे त्या उभ्या जागेवरून सांगायच्या.

त्यांच्या हातात एक लांब काठी होती, टोकाला वळवलेली. तिला आकडी म्हणतात. मेंढीला औषध पाजायचं असो की खुरातला काटा काढायचा असो, आधी ती हातात यावी लागते, आणि मेंढी काही नाव घेऊन बोलावल्यावर येत नाही. तरणी माणसं पळून धरतात. ज्यांना पळणं होत नाही ते आकडी मागच्या पायात घालतात आणि ओढून धरतात. मावशींचे गुडघे गेले होते.

"मिस्तरी, हिला चीर गेली बगा," त्या म्हणाल्या. "एक पट्टी मारून द्या. हितं, खाली. वर वाकाला हात लावू नगा."

मी आकडी हातात घेतली. जिंतूरकडच्या डोंगरातल्या धामणीच्या झाडाचं लाकूड होतं, चिवट आणि लवणारं. ओली असतानाच वाकवून, दोरीनं बांधून, सावलीत वाळवलेली. हाताच्या घामानं काळीभोर झालेली. वाकाच्या खाली वीतभर चीर होती.

"मावशी, हे लाकूड संपलं आता," मी म्हणालो. "पट्टी कशाला मारता? मी नवीन करून देतो. लोखंडाची. तुमच्या नातवाच्या नातवाला पुरेल."

"नवी नगं. पट्टीच मारा." मग त्या गव्हाणीच्या कडेला टेकल्या आणि गुडघा चोळत म्हणाल्या, "लेक म्हनायलाय, आई, आता घरी बस. गुडघे दुखायलेत, पडशील कुठंतरी बांधाला. म्या म्हनलं, पळायचं काम तुजं, धरायचं माजं. ही आकडी हाय म्हनून माजं चालायलंय. ही मोडली की तो बसवतोय मला. आन घरात बसून म्या करू काय? भिंतीकडं बगू? आठ वर्साची असल्यापासून मेंढरामागं हाय मी."

हे सगळं त्यांनी मला असं उघड सांगितलं होतं. त्या काठीवर त्यांचं काय अवलंबून आहे ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. पट्टी मारायला पाच मिनिटं लागली असती. मी त्यांना चार दिवसांनी या म्हणालो.

त्या चार दिवसांत मी दुसरं काम हातात घेतलं नाही. अर्ध्या इंची पाइप घेतला, पाच फुटांचा, म्हातारीला पेलेल असा. टोकाला जाड सळई तापवून वळवली. मापासाठी आमच्याच दारातल्या शेळीचा मागचा पाय धरला. मेंढीचं माप घ्यायचं तर वर धनगरांच्या घरांपर्यंत जावं लागलं असतं, पाच मिनिटांची वाट. पाय तो पाय, असं मी स्वतःला म्हणालो. मग मला जुन्या आकडीत एक दोष सापडला. तिचं तोंड सैल होतं. एवढ्या सैल तोंडातून जनावराचा पाय निसटणारच की! म्हणून मी माझ्या आकडीचं तोंड अरुंद केलं आणि टोक आतल्या बाजूला मुरडलं. पाय दाबून आत जावा आणि एकदा गेला की बाहेर येऊ नये, अशी रचना. कानशीनं टोचणारे काठ घासून काढले. वाकाला सायकलची ट्यूब गुंडाळली. शेवटी निळा रंग दिला. रंग वाळेपर्यंत मी तीन-चारदा उठून बघून आलो.

बायको दारातून म्हणाली, "त्या काठीला बगायलाव तसं मला लग्नात बी बगितलं न्हवतं."

चौथ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्या देखत म्हणून मी आकडी जरा नाटक करूनच बाहेर काढली. मावशींनी ती हातात तोलली. मग वाकात स्वतःची मूठ घातली आणि बाहेर ओढली. मूठ अडकली. त्यांनी पुन्हा ओढली. तेव्हा ट्यूबला घासत, कशीबशी निघाली. मुठीवर उमटलेल्या लाल रेघेकडं त्या बघत राहिल्या.

"लवत न्हाई ही," त्या म्हणाल्या.

"लोखंड आहे मावशी. लवायला ती काय नवी सून आहे?"

गिऱ्हाइकं हसली. मावशी म्हणाल्या, "पाय द्या, मिस्तरी."

"काय?"

"आमच्यात नवी आकडी आधी करणाऱ्याच्या पायात घालतेत. त्यानं झटका द्यायचा. पाय सुटला तर मग ती मेंढरामागं न्यायची. जुनी ही माज्या मालकानं केली, तवा म्या त्यांचा पाय धरला व्हता." मालक म्हणजे त्यांचे यजमान, ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली तेव्हा मावशी जराशा हसल्या होत्या.

मला त्या क्षणी फक्त गिऱ्हाइकं दिसत होती. लुंगी वर करून, एका म्हातारीच्या काठीत पाय अडकवून, पन्नाशीचा मिस्तरी झटके देतोय, हे चित्र मला परवडणारं नव्हतं. "मी काय मेंढरू आहे का पाय द्यायला?" मी म्हणालो. पुन्हा हशा झाला. मावशीही हसल्या, माझा मान राखायला हसल्या, हे मला कितीतरी उशिरा समजलं. "एवढ्या हौसेनं केलंव तुमी," असं म्हणून त्यांनी निळी आकडी खांद्याला लावली. जुनी कोपऱ्यात उभी करून म्हणाल्या, "ही राहू द्या हितंच, मग नेते."

दोन दिवस मी कसेबसे काढले. आपल्या हातचं काम चालताना बघायची खाज मोठी वाईट. शिवाय आम्हा वेल्डिंगवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, जो तो आपलं काम तिथं टाकत असतो. गेटं आणि जिने बघून सगळे कंटाळले होते. मेंढी धरायची आकडी कुणी टाकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोबाइल घेऊन कालव्याच्या पलीकडं गेलो. मूग काढलेल्या रानात मावशींच्या मेंढ्या चरत होत्या. लेक पार पलीकडच्या टोकाला, शेळ्या शेजारच्या कपाशीत शिरू नयेत म्हणून उभा होता. एका मेंढीचं खूर कुजलेलं होतं, तिला औषध लावायचं होतं.

"धरा तिला मावशी," मी म्हणालो. "व्हिडिओ काढतो."

"सांच्याला कोंडल्यावर धरते. आता रान मोकळं हाय, उधळंल ती."

"उधळू द्या की. ह्या आकडीतून कुठं जातेय?"

आणि त्या गेल्या. मी सांगितलं म्हणून गेल्या. कळपात शिरताना त्यांच्या पावलांचा आवाजसुद्धा येत नव्हता. त्या मेंढीच्या मागं आल्या, आकडी जमिनीलगत सारली आणि मागच्या पायात घालून हलकेच ओढली. आकडी खट्कन बसली. मोबाइलच्या मागून मी "वा!" म्हणालो.

मेंढी उधळली. पहिला हिसका बसला तसे मावशींनी दोन्ही हात उघडले आणि पाइप सोडून दिला. धामणीची आकडी असती तर तेवढ्या हिसक्याला तिचा वाक जरासा फाकला असता आणि काठी गळून पडली असती. मेंढी हातची गेली असती, पण पाय वाचला असता. तिचं सैल तोंड हा दोष नव्हता, पाय सोडून देण्यासाठीच ते तसं केलेलं होतं. माझी आकडी पायात घट्ट बसून राहिली. पाच फुटी पाइप फरफटत मेंढी बांधाकडं पळाली. पाइपचं टोक बाभळीच्या खोडात अडकलं, मेंढी पुढं गेली आणि पाय मागं राहिला. तुराटी मोडल्यासारखा आवाज आला.

मी पोचलो तेव्हा मावशी मेंढीजवळ गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी आकडीचं तोंड फाकवायला बघत होत्या. ते फाकत नव्हतं. तेवढ्यात लेक धावत आला. "आई, काय झालं?"

त्यानं आईला विचारलं होतं. उत्तर मी दिलं. "मावशींना धरता आली नाही रे. हिसका बसला आणि हातातून गेली."

मला आजही कळत नाही की ते वाक्य एवढं तयार कुठून आलं. विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही. त्यात सगळं खोटं होतं असंही नाही. पाइप हातातून गेला होता, हे खरंच होतं. खोटं असं तयार केलं होतं, की कुठं जोड दिसू नये. गेटाचा जोड मी असाच घासून सफाईनं बुजवतो.

मावशींनी मान वर करून एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत खाली बघून पाय सोडवायला लागल्या.

"तुला म्हनत व्हतो का न्हाई?" लेक म्हणाला. तो रडकुंडीला आला होता. "हातात जोर राह्यला न्हाई आता तुज्या. कामून ऐकत न्हाईस?"

"व्हय बाबा," मावशी म्हणाल्या. "न्हाई राह्यला."

मेंढीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, हळद-चुना केला. पाय जुळला नाही. शेवटी खाटकाला द्यावी लागली. पोळ्याच्या दिवसापासून मावशी घरी बसल्या. लेकाचा मुळीच दोष नाही. आज मेंढी पडली, उद्या आई पडली तर काय करायचं, असं तो सगळ्यांना विचारायचा आणि सगळे म्हणायचे की तू केलंस ते बरोबर केलंस. चहाच्या हॉटेलात त्यानं मलाही विचारलं. मीही म्हणालो, बरोबर केलंस. वर पुन्हा दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, म्हातारपणी हाडं कशी ठिसूळ होतात त्याच्या.

मोबाइलमध्ये व्हिडिओ होता. मेंढीचा पाय मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एकटा बसून मी तो तीनदा बघितला. सगळं लख्ख दिसत होतं. मेंढी उधळते, त्याच क्षणाला मावशींचे दोन्ही पंजे उघडतात, एकदम, ठरवून. हात थरथरत नाही, घसरत नाही. आकडी सुटत नाही. वरून माझा आवाज येतो, "वा!" तेवढा व्हिडिओ त्यांच्या लेकाला दाखवला असता तर मावशी पोळा झाल्यावर पुन्हा मेंढरामागं गेल्या असत्या. एका बोटाचं काम होतं. त्याच बोटानं मी तो पुसून टाकला.

लाज वाटली का? त्या दिवशी नाही वाटली. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. लाज नंतर आली, आणि आली ती रोज सकाळी ठरल्या वेळेला यायला लागली. त्यांचा कळप आमच्या शेडवरूनच जातो. पूर्वी सगळ्यात मागं मावशींचा आवाज असायचा, मेंढ्यांना शिव्या घालत जायच्या, त्याही लाडाच्या. आता नुसती लेकाची शिट्टी. ती ऐकू आली की मी ग्राइंडर सुरू करायचो. कापायला काही नसलं तरी सुरू करायचो. बायकोनं एकदा विचारलं, "सकाळच्या पारी रोज काय कापायलाव?" मी म्हणालो, काम आहे.

लेकानं निळी आकडी परत आणून दिली होती. "काका, आईला आता लागत न्हाई. लोखंड हाय, तुमच्या कामाला येईल." मी ती खिळ्याला टांगली. एका दुपारी शेडचं दार लोटून घेतलं, तिचा पाइप वाइसमध्ये आवळला आणि वाकात माझा घोटा घातला. मग झटका दिला. दोन हातांनी टेबल धरून तीनदा दिला. घोट्याचं कातडं सोललं, पाय काही निघाला नाही. शेवटी खाली बसून, तेल लावून, पिळत पिळत काढावा लागला. माणसाचा पाय असल्यामुळं निघाला. बायकोला सांगितलं की पत्रा लागला.

जुन्या धामणीच्या आकडीला मी पट्टी मारली. मावशींनी दाखवलं होतं तिथंच, खाली. पाचच मिनिटं लागली. ती परत द्यायला जायची हिंमत झाली नाही, म्हणून ती कोपऱ्यात तशीच उभी राहिली.

यंदा संक्रांत झाल्यावर त्यांचा लेक शेडमध्ये आला. "काका, आईला न्हानीत धरायला एक पाइप बसवून द्या. बसली की उठता येईना तिला. दोन वर्सं बसून बसून गुडघे पार धरलेत. डाक्टर म्हनला, चालती राह्यली असती तर एवढं झालं नसतं."

मी पाइप कापला, पट्ट्या जोडल्या, ड्रिल घेतलं आणि सकाळीच त्यांच्याकडं गेलो. दोन वर्षांत त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मावशी ओसरीवर गोधडीवर बसल्या होत्या. समोर खरंच भिंत होती.

"या मिस्तरी," त्या म्हणाल्या. "वाट चुकलाव का काय?"

पाइप किती उंचीवर बसवायचा ते बघायला त्यांना न्हाणीपर्यंत न्यायचं होतं. मी हात पुढं केला. त्यांनी माझा हात धरला आणि उठायला लागल्या. माझी बोटं कळवळली. जन्मभर मेंढ्यांचे पाय धरलेला हात होता तो, वाइससारखा आवळला गेला. गुडघे थरथरत होते, अंग थरथरत होतं, पण हात हलत नव्हता. या हातात जोर नाही, असं मी त्यांच्या पोटच्या पोराला सांगितलं होतं. तो पोरगा बादली घेऊन तिथंच उभा होता.

मला राहवलं नाही. "तुझ्या आईच्या हातातून आकडी गेली नव्हती," मी म्हणालो. "मेंढी उधळली तशी त्यांनी ती सोडली. मेंढीचा पाय वाचावा म्हणून सोडली. माझी आकडीच चुकीची होती, ती पायातून निघाली नाही. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, माझा पाय मागितला होता. मी दिला नाही. संध्याकाळी धरते म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. माझ्या मोबाइलात सगळं होतं आणि मी ते पुसून टाकलं."

एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. सगळं सांगितलं, "वा!" म्हणालो तेसुद्धा.

लेकानं बादली खाली ठेवली. माझ्याकडं बघितलंच नाही. आईला म्हणाला, "खरं हाय का?"

मावशी न्हाणीच्या भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली.

"मग तू बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलू बाबा? पयल्याच दिशी कळलं व्हतं मला, ही लवत न्हाई म्हनून. मिस्तरीनं हौसेनं केली व्हती, नगं कसं म्हनावं? नेली तर मीच की. मेंढी माज्यामुळंच गेली."

तो एकदम म्हणाला, "उद्या चलतीस का? मेंढरामागं?"

मावशींनी गुडघ्याला हात लावला. "आता कुठं रं," त्या म्हणाल्या.

तो बाहेर निघून गेला.

खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. दोन वर्षांनी छाती भरून श्वास आला. आता मावशी काहीतरी चांगलं बोलतील, निदान जाऊ द्या म्हणतील, अशी माझी वेडी आशा होती. त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "कामून सांगितलंव?"

"खरं होतं म्हणून, मावशी."

"खरं तवा बी व्हतं. तवा सांगितलं असतंव तर मी चालत व्हते." आवाज चढला नव्हता, मेंढ्यांशी बोलायच्या तसाच होता. "दोन वर्सं लेक माजा सुखानं झोपला. आईला जपली म्हनून झोपला. आता रोज त्याला वाटंल, चालती आई म्या बसवली. तुमाला तुमचं वझं झेपंना, म्हनून त्याच्या डोक्यावर ठिवलंव व्हय?"

गप्प बसलो तेव्हा मी माझाच विचार केला होता आणि बोललो तेव्हाही माझाच केला. हे त्या म्हातारीला एका क्षणात कळलं आणि मला ते त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं, याची लाज पहिल्या लाजेपेक्षा मोठी आहे.

"बसवा आता ते पाइप," त्या म्हणाल्या.

मी भोकं पाडली, पाइप बसवला, बोल्ट आवळले. मावशी उंबऱ्यावरून बघत होत्या.

"आधी तुमी बगा धरून," त्या म्हणाल्या.

मी न्हाणीच्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसलो आणि पाइप धरून उठलो.

"झटका द्या."

मी झटका दिला. पाइप हलला नाही.

"आनखी एकदा बसा."

मी पुन्हा खाली बसलो. न्हाणीच्या झरोक्यातून मागचं अंगण दिसत होतं. मेंढ्या सोडायची वेळ कधीच टळून गेली होती आणि त्या ओरडायला लागल्या होत्या. लेक फाटकाच्या कडीला हात लावून नुसता उभा होता.